लेकरं घरी ठेवून या, असं सांगणाऱ्यांना

आमच्या वस्तीतल्या विहारात मागच्या आठवड्यात बैठक झाली. विषय दरवर्षीचाच. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचं नियोजन. वर्गणी किती, बॅनर कोण करणार, कुठल्या गाडीने निघायचं, दादरला उतरल्यावर हरवलेल्याने कुठे येऊन थांबायचं. यावर अर्ध्या तासात एकमत झालं. मग एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सूचना मांडली की यंदा पाच वर्षांखालचं लेकरू कुणी सोबत आणू नये. जनरल डब्यात मुलांचे हाल होतात, मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पुरुषांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली, हे आधीच कबूल करतो.

मागच्या रांगेतून एक ताई उठल्या. कडेवर वर्षभराचं लेकरू होतं. त्या म्हणाल्या, "दादा, मग सरळ लिहा ना की बायांनी येऊ नये."

कुणी काही बोललं नाही. बैठक तिथेच पुढच्या रविवारवर ढकलली. मधल्या दिवसांत आम्ही यावर बराच विचार केला, आपसांत भांडलो, आणि आता जे पटलं आहे ते इथे मांडतो आहोत. हा प्रश्न एका वस्तीचा नाही. दरवर्षी दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला, बोधगयेला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा आहे. आणि तो फक्त आपल्या समाजाचाही नाही.

मागच्या वर्षी काय झालं

आम्ही विदर्भातून ४३ जण निघालो होतो. त्यात ११ लेकरं. तिकिटं सगळ्यांची होती, पाच वर्षांवरच्या मुलांची अर्धी तिकिटंसुद्धा. ४ डिसेंबरच्या रात्री गाडी आली तेव्हाच जनरलचा डबा दारापर्यंत भरलेला होता. बाया दारातून कशाबशा आत गेल्या, दोन लेकरं आम्ही आपत्कालीन खिडकीतून आत दिली. आत गेल्यावर ज्याला जशी जागा मिळाली तसा तो बसला. आणि जागा कुणाला कशी मिळाली हे नीट बघण्यासारखं होतं. आम्ही कार्यकर्ते सामान ठेवायच्या फळीवर चढलो. बाया आणि लेकरं संडासाच्या दाराजवळ, पायरीला लागून, खाली चादर टाकून बसली. असं कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप झालं. आणि जे आपोआप होतं त्याचाच विचार करायला आपल्याला समाजशास्त्र शिकवतं.

मध्यरात्रीच्या सुमाराला सहा वर्षांच्या एका पोराला लघवीला लागली. संडासात तीन माणसं बॅगा घेऊन बसलेली. दार उघडेना. पोराने जवळजवळ दोन तास दम धरला. मग चड्डीतच झाली. आसपासचे लोक ओरडले. एकजण म्हणाला, "हे सहा डिसेंबरवाले. फुकट येतात आणि घाण करतात." त्याच्या आईने एक शब्द काढला नाही. ओढणीने खालची जागा पुसली आणि पोराला मांडीवर ओढून घेतलं. पोराच्या खिशात अर्धं तिकीट होतं. आम्ही वरच्या फळीवरून "ए, नीट बोल" इतकंच म्हणालो आणि पुन्हा पडून राहिलो.

पहाटे एका मोठ्या जंक्शनवर गाडी थांबली. पोराचे कपडे बदलायचे, पाण्याची बाटली भरायची, म्हणून आमच्यापैकी एकजण त्याला घेऊन खाली उतरला. नळावर गर्दी. गाडी हलली. पळापळीत पोराचा हात सुटला. आमचा माणूस पुढच्या डब्याला लटकला, त्याला वाटलं पोराला मागे कुणीतरी उचलून घेतलं असेल. डब्यांतून वाट काढत तो आमच्यापर्यंत पोचेस्तोवर पुढचं स्टेशन जवळ आलं होतं, आणि पोरगं मागे फलाटावर होतं.

आम्ही १३९ ला फोन केला. पोराचं नाव, शर्टाचा रंग, डबा कुठे थांबला होता ते सांगितलं. रेल्वे पोलिसांना ते नळाजवळच उभं सापडलं. आमच्यातले दोघं आणि त्याची आई पुढच्या स्टेशनवर उतरून उलट्या गाडीने गेले. तीन तासांनी मायलेकरांची भेट झाली. तिथल्या जवानाने त्याला बिस्किटाचा पुडा दिला होता आणि पोराने तो न फोडता हातात धरून ठेवला होता. तो पुडा अजून आमच्या डोळ्यांसमोरून जात नाही.

यात रेल्वेचा दोष किती आणि आमचा किती? हात आमच्या हातातून सुटला. ही जबाबदारी आम्ही कुणावर ढकलणार नाही. पण लेकरू दोन तास लघवी दाबून का बसलं, याचं उत्तर एकट्या आमच्याकडे नाही.

मसूरची लेकरं

रेल्वे, लहान मुलं आणि आपला समाज ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये १९०१ सालची आठवण लिहून ठेवली आहे. वडील गोरेगावला नोकरीला. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे. भाऊ आणि भाचरांसोबत ते साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. नवे कपडे, नव्या टोप्या. रेल्वे कधी पाहिलेली नव्हती, त्यामुळे आनंद मोठा. संध्याकाळी मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कुणी आलं नव्हतं. फलाट रिकामा झाला. चांगल्या कपड्यांतली मुलं बघून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलले. मुलांनी आपण महार असल्याचं सांगितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं घेऊनही यांना बसवून गाडी हाकायला तयार नव्हते. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचं असं ठरलं. सोबत जेवण होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही, म्हणून ते जेवणही तसंच राहिलं.

ही गोष्ट आपण भाषणात खूप वेळा सांगतो. पण तिच्यातली एक बाजू आपल्या नजरेतून सुटते. गाडीत या मुलांना कुणी जात विचारली नाही. तिकीट काढलं, बसले, मसूरला उतरले. छळ सुरू झाला तो गाडीतून उतरल्यावर. म्हणजे तिकीट नावाच्या कागदाने त्या काही तासांपुरतं या लेकरांना इतरांच्या बरोबरीला आणलं होतं. आपल्या आजोबा-पणजोबांना रेल्वेचं, गिरण्यांचं, शहराचं आकर्षण का वाटलं याचं उत्तर इथे आहे.

१८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. त्याच वर्षी जुलैमध्ये कार्ल मार्क्सने लिहिलं की रेल्वेतून येणारा आधुनिक उद्योग जातीचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढील. पावणेदोनशे वर्षं होत आली. रेल्वे देशभर पसरली. जात मोडली का? मार्क्सने श्रमांची विभागणी पाहिली. ही श्रमिकांचीच विभागणी आहे आणि तीही एकावर एक रचलेली, हे बाबासाहेबांनी दाखवून दिलं.

डब्यांची उतरंड

श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे तरुण मुलांना शिबिरात समजावताना आम्ही आता रेल्वेचं उदाहरण देतो. एका लांब पल्ल्याच्या गाडीत फर्स्ट एसी, सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर आणि टोकाला जनरल. सगळे एकाच इंजिनाच्या मागे. तरी प्रत्येक डब्याचा राग आपल्या खालच्या डब्यावर. स्लीपरवाला कधी म्हणत नाही की एसीचे डबे कमी करून स्लीपरचे वाढवा. तो म्हणतो, जनरलवाल्यांना आमच्या डब्यात घुसू देऊ नका. आणि जनरलमध्ये? तिथे बाकावर बसलेला खाली बसलेल्याला हटकतो, खाली बसलेला दारात उभ्या असलेल्याला. सगळ्यात शेवटी संडासाच्या दाराशी बाई आणि तिचं लेकरू. तिच्या खाली फरशी.

डबा म्हणजे जात नव्हे, हे आम्हाला कळतं. पैसे असले तर तिकीट बदलता येतं, जात बदलता येत नाही. पण वागण्याची रीत तीच आहे. वरच्याला प्रश्न विचारायचा नाही आणि खालच्यावर डाफरायचं.

त्या रात्री संडासात बसलेली ती तीन माणसंही आम्हाला नंतर भेटली. पार पूर्वेकडून कामासाठी मुंबईला निघालेले मजूर. दुसरी रात्र होती त्यांची. आदल्या रात्री उभ्याने आले होते. सकाळी पोरगं हरवल्याचं कळलं तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने आम्हाला आपल्या मोबाईलवरून फोन लावून दिला. आपला शत्रू तो होता का?

जनरलच्या डब्यात कोण असतं ते एकदा मोजा. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं, बांधकाम मजूर, भरतीच्या परीक्षेला निघालेली पोरं, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वांद्रे टर्मिनसला गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत चढताना चेंगराचेंगरी झाली आणि माणसं जखमी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली स्टेशनवरच्या चेंगराचेंगरीत १८ जणांचा जीव गेला, त्यात लेकरंही होती. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, श्रमिक स्पेशलने आलेली एक आई मुजफ्फरपूर स्टेशनवर मरून पडली होती आणि तिचं तान्हं लेकरू तिच्या अंगावरची चादर ओढत होतं. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, पुढे पाठवला आणि विसरलो. लहान मुलांसोबतचा लांबचा प्रवास या विषयावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत लेख येतात. कुठली खेळणी न्यावीत, कुठला खाऊ न्यावा. त्या लेखांतलं मूल खिडकीजवळ बसलेलं असतं. आमचं मूल त्या लेखात नसतं.

अर्ध्या तिकिटाचं काय झालं

आता धोरणाकडे येऊ. २१ एप्रिल २०१६ पर्यंत ५ ते १२ वर्षांच्या मुलाला आरक्षित डब्यात अर्ध्या भाड्यात स्वतंत्र बर्थ मिळत होती. त्या दिवसापासून नियम बदलला. मुलाला बर्थ हवी असेल तर मोठ्या माणसाइतकं पूर्ण भाडं. अर्धं भाडं भरलं तर बर्थ नाही, आईवडिलांच्या बर्थवर जमवून घ्या.

गणित करून बघा. आईवडील आणि ६ व ९ वर्षांची दोन मुलं. पूर्वी तीन तिकिटांच्या पैशांत चार बर्थ. आता चार बर्थला चार तिकिटांचे पैसे. म्हणजे भाडं न वाढवता त्या कुटुंबाचा खर्च एक तृतीयांशाने वाढला. पैसे नसतील तर तीन तिकिटांच्या पैशांत दोनच बर्थ. म्हणजे मुलाचं अर्धं भाडं घ्यायचं आणि त्याला शून्य जागा द्यायची. याला सवलत म्हणायचं?

माहिती अधिकारातून २०२३ मध्ये जे आकडे बाहेर आले, त्यानुसार या एका बदलातून रेल्वेला सात वर्षांत सुमारे २,८०० कोटी रुपयांचं जादा उत्पन्न झालं. त्या काळात १० कोटींहून जास्त मुलांनी पूर्ण भाडं भरून बर्थ घेतली आणि साडेतीन कोटींहून जास्त मुलं अर्धं भाडं भरून बर्थशिवाय गेली. ही साडेतीन कोटी लेकरं रात्रभर कुठे झोपली असतील? आईच्या पायाशी, दोन बाकांच्या मधल्या जागेत, वर्तमानपत्रावर. आणि ज्यांना तेवढंही परवडलं नाही ती जनरलमध्ये गेली. ती या आकड्यात नाहीतच.

गंमत बघा. त्याच २०१६ साली काही महिन्यांच्या अंतराने 'जननी सेवा' सुरू झाली. काही स्टेशनांवर बाळासाठी गरम दूध आणि बेबी फूड मिळणार. चांगली गोष्ट आहे. पण एका हाताने दूध विकत द्यायचं आणि दुसऱ्या हाताने बर्थ काढून घ्यायची, असा हा हिशोब. २०२२ साली मे महिन्यात, मातृदिनाच्या मुहूर्तावर, लखनौ मेलच्या थर्ड एसीच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडून घडीची छोटी बर्थ बसवली गेली. तिचे फोटो सगळीकडे फिरले. ती एसीतच का? तान्हं लेकरू आईच्या बर्थवरून पडायची भीती स्लीपरमध्ये नसते का?

आणखी एक विसंगती. खालच्या बर्थसाठी ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांवरच्या महिला आणि गरोदर महिला यांना प्राधान्य आहे. असायलाच हवं. पण पोटात बाळ असताना प्राधान्य असलेली तीच बाई बाळ हातात आल्यावर त्या यादीतून बाहेर पडते. पोट मोकळं झालं म्हणजे ती वरच्या बर्थवर चढू शकते, असं समजायचं का? हे नियम करणाऱ्यांनी रात्रीच्या गाडीत दोन महिन्यांचं लेकरू घेऊन प्रवास केलेला नसावा.

भार कुणाचा

इथे काही तरुण मित्र म्हणतात, "मुलं काढली आईबापांनी, त्यांचा खर्च रेल्वेने का करायचा?" हा प्रश्न आपल्यातलाच कुणी विचारतो तेव्हा जास्त वाईट वाटतं. कारण या प्रश्नाचं उत्तर १९२८ सालीच देऊन झालं आहे. मुंबई कायदे कौन्सिलात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला होतं. मालकवर्गाचा विरोध होता. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा देताना भूमिका घेतली की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला.

यातलं तत्त्व नीट समजून घ्या. मूल हे एकट्या आईचं खाजगी ओझं नाही. ज्या समाजाला उद्या त्या मुलाचं श्रम, बुद्धी आणि मत हवं आहे, त्या समाजाने त्याच्या वाढण्याचा खर्च वाटून घ्यायचा. रेल्वे सरकारी आहे, लोकांच्या पैशातून उभी आहे. तिच्याकडून मुलासाठी अर्ध्या भाड्यात बर्थ मागणं म्हणजे भीक नव्हे. ज्या तत्त्वावर प्रसूती रजा उभी आहे त्याच तत्त्वावर ही मागणी उभी आहे.

आणि बदल होतच नाही असं कुणी सांगू नये. थर्ड क्लासचे लाकडी बाक आपल्या आजोबांनी भोगले. १९७४ मध्ये थर्ड क्लास हे नाव गेलं, पण फळ्या लाकडीच राहिल्या. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. कोकणातून निवडून आलेला समाजवादी माणूस. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या बर्थला गादी लावायला सुरुवात केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, सगळ्या प्रवाशांना एकच वर्ग असलेली. आज ती गाडी आपल्या अकोला-बडनेरा-नागपूरवरून जाते आणि तिच्यात पुन्हा एसीची उतरंड आहे. पण गरिबाच्या पाठीखाली गादी असावी हे एकदा कुणीतरी ठरवलं आणि ते झालं. म्हणजे हा प्रश्न इच्छेचा आहे.

आक्षेपांना उत्तरं

पहिला आक्षेप आपल्याबद्दलचा आहे आणि तो टाळायचा नाही. ६ डिसेंबरच्या आसपास आपले काही लोक आरक्षित डब्यात बसतात. दुसऱ्याने दोन महिने आधी काढलेल्या बर्थवर बसतात. हे खरं आहे आणि चुकीचं आहे. त्या बर्थवरही एखादी लेकुरवाळी बाई असू शकते. "गर्दी आहे, काय करणार" हे कारण आम्ही मान्य करत नाही. पण "फुकटे" ही शिवी आम्ही त्याहून कमी मान्य करतो. सणासुदीला, मेळ्याला, यात्रेला निघालेली इतर गर्दीही डब्यात घुसते. तिला भाविक म्हणतात. आमच्या गर्दीला घाण म्हणतात. गर्दी तीच, शब्द वेगळा. हा फरक जातीचा आहे आणि सहा वर्षांच्या पोराने तो चड्डी ओली असताना ऐकला.

दुसरा आक्षेप, लहान मुलाला तिथे नेऊन काय कळणार? मग मोठ्यांना तरी कळावं म्हणून सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक जमले, ते काय सगळे ग्रंथ वाचून आले होते? कडेवर लेकरं घेऊन आलेल्या आयांनी त्या दिवशी दीक्षा घेतली. त्या कडेवरच्या पोरांनी पुढे शाळा, वसतिगृहं आणि विहारं उभी केली. "मी तेव्हा आईच्या कडेवर होतो" असं सांगणारी म्हातारी माणसं आम्ही वस्त्यावस्त्यांत ऐकली आहेत. ते वाक्य उद्या कुणीच म्हणू नये, अशी व्यवस्था आपण करणार आहोत का?

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. तो खरा आहे. आमच्या हातून पोरगं सुटलं, त्यामुळे आम्ही त्यावर हलकं बोलणार नाही. पण धोका आहे म्हणून मुलाला वगळायचं ठरवलं की सोबत आई वगळली जाते, कारण मूल सांभाळायला घरी बाप थांबेल असं त्या बैठकीत एकाही पुरुषाने सुचवलं नाही. आम्हीही नाही. त्या ताईंना हे आमच्याआधी दिसलं. चळवळीत बाया येत नाहीत अशी तक्रार करणारे आपणच, आणि त्यांच्या येण्याची अट "रिकाम्या हाताने या" अशी ठेवणारेही आपणच.

आता काय करायचं

पुढच्या रविवारच्या बैठकीत आम्ही पुढील गोष्टी मांडणार आहोत. इतर वस्त्यांतल्या मित्रांनीही त्या आपल्या बैठकीत मांडाव्यात.

एक. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे ४ डिसेंबरच्या गाडीचं ५ ऑक्टोबरला. त्याआधी यादी तयार हवी. वर्गणीतला पहिला खर्च बॅनरचा नाही, लेकुरवाळ्या बायांच्या आणि मुलांच्या बर्थचा. फ्लेक्स एक कमी लागला तरी बाबासाहेबांचं काही अडणार नाही.

दोन. जे जनरलने जातील त्यांच्यात बसण्याचा क्रम आधी ठरेल. बाकावर आधी मुलं आणि आया. दारात, फळीवर आणि संडासाजवळ कार्यकर्ते. प्रत्येक मुलामागे एक नेमलेला मोठा माणूस, आई सोडून. मोठ्या स्टेशनवर मूल घेऊन खाली उतरायचं नाही, पाणी आणायला एकटा माणूस जाईल.

तीन. प्रत्येक मुलाच्या शर्टाच्या आतल्या बाजूला दोन मोबाईल नंबर शिवलेले. मुलाला १३९ आणि १०९८ हे दोन आकडे गाण्यासारखे पाठ. हे काम वस्तीतल्या कॉलेजच्या मुलामुलींनी आठ दिवसांत करावं.

चार. डायपर आणि बाटल्या संडासात टाकायच्या नाहीत. बायोटॉयलेट त्यानेच तुंबतं. ते हात घालून मोकळं करणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. हाताने मैला साफ करवून घेण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे म्हणून आपण मोर्चे काढतो आणि गाडीत बसलो की त्याच माणसाच्या हातात घाण देतो, हे चालणार नाही. घरून कागदी पिशव्या न्यायच्या आणि उतरल्यावर कचराकुंडीत टाकायच्या.

पाच. रेल्वेकडे लेखी मागण्या. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना निदान स्लीपरमध्ये अर्ध्या भाड्यात बर्थ पुन्हा द्या. तान्ह्या मुलाच्या आईला खालच्या बर्थच्या प्राधान्य यादीत घ्या. घडीची बाळबर्थ स्लीपरमध्ये आणा. महापरिनिर्वाण दिन आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या विशेष अनारक्षित गाड्या महिनाभर आधी जाहीर करा आणि त्यांत स्त्रिया व मुलांसाठी वेगळे डबे ठेवा. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ५८ प्रमाणे प्रत्येक प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी राखीव जागा ठेवणं रेल्वेवर बंधनकारक आहे. ती आपल्या भागातून जाणाऱ्या कुठल्या गाडीत किती आहे, हे माहिती अधिकारात विचारा. आपल्या खासदारांना द्या, विभागीय व्यवस्थापकांना द्या, पोच घ्या. आणि या निवेदनावर फक्त आपल्या वस्तीच्या सह्या नकोत. ज्या मजुरांनी आमच्यासोबत ती रात्र काढली त्यांच्याही मुलांसाठी ही मागणी आहे. वीटभट्टीवर, बांधकामावर जा आणि सह्या आणा.

हे सगळं केल्यावरही प्रवास सोपा होणार नाही, हे आम्ही जाणतो. गाडी भरूनच येईल. कुणीतरी काहीतरी बोलेल. पण त्या वेळी मुलाच्या आईला एकटीने ओढणी काढून फरशी पुसावी लागू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

मागच्या वर्षी फलाटावर राहिलेल्या त्या पोराला आम्ही परवा विचारलं, यंदा येणार का? त्याने आधी आईकडे बघितलं आणि मग विचारलं, "संडासाजवळ बसायचं नसंल तर येतो."

सात वर्षांच्या पोराने अट घातली आहे. रविवारी ती इतिवृत्तात लिहून घ्या.

जय भीम.